पेटीमागे अकरा वर्षं

५ मार्च २०२५, बुधवार

आजपासून ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी चर्चच्या पाळकसाहेबांनी विक्कीला माझ्या गळ्यात बांधलं.

"शकुताई, यंदा दृढीकरणाला एकच उमेदवार आहे. मराठीतून शिकायचं म्हणतो. तुमच्याशिवाय कोण शिकवणार?" दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी आपल्या वतीने जो विश्वास कबूल केला, तो मोठेपणी मंडळीसमोर आपल्या तोंडाने कबूल करायचा. आमच्याकडे पंधरा-सोळाव्या वर्षी होतं. विक्की बत्तीस वर्षांचा आहे. त्याची आई माझ्याबरोबर नर्स होती, म्हणून तो मला मावशी म्हणतो. जबलपुरातच, अधारतालला मेन रोडवर त्याचं पंक्चरचं दुकान आहे, आणि त्याच रोडवर त्याने पिऊन घातलेले गोंधळ सगळ्यांना पाठ आहेत.

पाळकसाहेब म्हणाले, ईस्टरपर्यंत उमेदवाराने मनातलं चार ओळी लिहीत जावं. विक्कीने लगेच अट घातली. "मावशी, तुम्ही लिहान तर मी लिहीन." आता आली का पंचाईत!

तर लिहिते. मी शकुंतला, वय एकसष्ट, निवृत्त नर्स. लग्न केलं नाही. सिविल लाइंसच्या चर्चमागच्या हॉलमध्ये मराठी उपासना होते, तिथे तेवीस वर्षं पेटी वाजवते. तब्येत ठणठणीत. जवळचं माणूस एकच, धाकटी बहीण इंदू, शहपुऱ्याला असते. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. त्याबद्दल इथे काही लिहायचं नाही.

६ मार्च, गुरुवार

काही घडलं नाही. वांगी चांगली मिळाली.

९ मार्च, रविवार

महिन्यातला दुसरा रविवार, म्हणजे प्रभुभोजन; येशूच्या आठवणीसाठी सगळ्यांनी पुढे जाऊन भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. सव्वीस जण होते. मी नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत पेटी वाजवली.

नंतर विक्कीचा पहिला पाठ. मी सुरुवात करणार, तर तोच सुरू झाला. त्याला मराठी सगळं समजतं, पण बोलायला लागला की अर्धी गाडी हिंदीच्या रुळावर जाते.

"पाळकसाहेबांच्या स्कूटरमधे खिळा घुसला होता. मी पंक्चर काढून राहिलो होतो, तर ते म्हणाले, बेटा, तेरे लिए प्रभु से क्या मांगूं? मावशी, मी सोचलं, सोचलं, मले काही सुचलंच नाही. आई गेल्यावर माझ्यासाठी कोणी काही मागितलंच नव्हतं न. मी तिथंच रडायला लागलो. हातात टायर."

"मग?"

"मग काय. शामको बाटली काढली, तर वाटलं, कोणी माझ्यासाठी मागून राहिलं अन् मी हे करून राहिलो. नाही प्यायलो. दुसऱ्या दिवशी येशूला म्हटलं, आजचं बघ. त्यानं बघितलं. असंच रोज."

चौदा महिने झाले म्हणतो. मी वॉर्डात तीस वर्षं काढली आहेत. दारू सोडलेले पुष्कळ पाहिले, परत धरलेले त्याहून जास्त. बघू.

आजचा पाठ पश्चात्तापाचा होता. "पश्चात्ताप म्हणजे रडायचं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नुसतं रडून काय होतंय? ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जाऊन, त्याच्या तोंडाकडे बघून सांगायचं. येशू फुकट क्षमा करतो म्हणून आपण घरी लोळत पडायचं नाही." फार मुद्देसूद बोलले मी. शिकवण्याची हातोटी अजून आहे.

विक्कीने खिशातून पेन काढलं आणि माझ्यासमोरच नावं लिहायला घेतली. सात झाली. माझा पाठ कोणी इतका मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

काल होळी होती. विक्कीच्या जुन्या टोळक्याने त्याला दुकानात गाठलं, ग्लास तोंडापाशी नेला. हा म्हणाला, "भैया, मेरी तो उतरती ही नहीं, बिना पिए चढ़ी है." त्यांनी रंगाची अख्खी बादली ओतली आणि गेले. आज आला तेव्हा कान हिरवे होते. मी खोबरेल लावून दिलं. इतकं हसले की ठसका लागला.

१६ मार्च, रविवार

विक्कीला साक्षीदार लागतो. एकटा माफी मागायला गेला की लोकांना वाटतं, पिऊनच आलाय. म्हणून मी त्याच्या स्कूटरवर मागे बसून अधारतालला. एकसष्टाव्या वर्षी हे धंदे!

श्रीरंग टेलर दुकान उघडत होता. आठ वर्षांपूर्वी विक्कीने त्याच्या दुकानातला शेरवानी घातलेला पुतळा उचलून नाल्यात फेकला होता.

"श्रीरंग भैया, माफी मांगने आया हूं. वो पुतला मैंने फेंका था."

श्रीरंगने माझ्याकडे पाहिलं. "सकाळी सकाळी थोडी घेऊन आला का हा?"

"मी नर्स आहे," मी म्हटलं. "शुद्धीत आहे. मी तपासलंय."

"अन् पुतळा यानंच फेकला हे सगळ्या अधारतालला माहीत आहे जी. आठ वर्षांनी सांगून राहिला!" श्रीरंग हसायला लागला. मग त्याने विक्कीच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि चहा सांगितला. "पुतळ्याचं दुःख नाही रे. नवरदेव बिनशेरवानीचा बसला न घोडीवर."

परत येताना विक्की स्कूटरवर मोठ्याने गात होता. सिग्नलला लोक बघत होते. मी पदराने तोंड झाकून घेतलं, पण खरं सांगायचं तर मलाही गावंसं वाटत होतं. इतक्या वर्षांत असं वाटलं नव्हतं.

२३ मार्च, रविवार

आज पाचवं नाव, विष्णुपंत. वय ऐंशीच्या आसपास. विक्कीने दुधाच्या डेअरीसमोर, त्यांच्या नातवाच्या देखत त्यांच्या थोबाडीत मारली होती. दार उघडलं, विक्कीला पाहिलं, त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि दार लावलं. कडी घातल्याचा आवाज आला.

मला इतका राग आला! म्हातारा झाला म्हणून काय झालं? माणूस एवढा दारात येतो, मान खाली घालतो. मी परत बेल वाजवणार होते, विक्कीने हात धरला.

"नको मावशी. माफ करणं त्यांचं काम आहे. मागणं माझं होतं, ते झालं."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं न. पण भीती गेली. पहले मैं इस गली से निकलता ही नहीं था."

खाली उतरताना तो प्रत्येक पायरीवर शीळ घालत होता.

२४ मार्च, सोमवार

भाजीवाली शहपुऱ्याकडची आहे. शहपुऱ्याच्या गाड्या अजून जुन्याच स्टँडवरून सुटतात का, तिला विचारलं. सहज.

३० मार्च, रविवार

आज विक्कीने मला अडचणीत आणलं.

"मावशी, ईस्टरला माझं दृढीकरण, मग पहिलं प्रभुभोजन. पाळकसाहेब म्हणाले, ज्यानं शिकवलं त्यानं बाजूला उभं राहून सोबत घ्यायचं. तुम्ही अन् मी."

"मी पेटीवर असते," मी म्हटलं.

"तेच तर. माझं दृढीकरण नाही झालं, म्हणून सगळे पुढे जातात तेव्हा मी मागे बसून राहतो. मंडळीत दोघंच बसून राहतात, मी अन् तुम्ही. मले तर चालत नाही अजून. तुम्ही काहून नाही घेत?"

मी म्हटलं, कोणीतरी वाजवायला नको का? गीत मध्येच थांबवायचं का? आणि तू पाठांतर केलं का आधी ते सांग. त्याने केलं होतं, एकही चूक न करता. मी तरी त्याला आणखी एक उतारा दिला.

उद्धट आहे जरासा.

३ एप्रिल, गुरुवार

दोन रात्री झोप नाही. नर्सने खोटी नोंद करू नये, एवढं तरी मी आयुष्यभर पाळलं. तर आता खरं लिहिते.

आमच्यात वेदीपाशी जाण्याआधी माणसाने बघायचं असतं, आपलं कोणाशी वाकडं आहे का. असेल तर आधी जाऊन ते सरळ करायचं, मग भाकर घ्यायची. येशूची ताकीदच आहे तशी. मी अकरा वर्षं घेतलेली नाही. पेटीमागे बसलं की कोणाच्या लक्षात येत नाही. पेटी हलवायची वेळ आली तेव्हा मीच भांडून ती कोपऱ्यात ठेवून घेतली.

आई शेवटची दोन वर्षं इंदूकडे होती. माझी ड्यूटी, माझ्याकडे तिला कोण बघणार? इंदूचा नवरा रामकृष्ण हिंदू आहे, त्याचं शहपुऱ्याला बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्यांचं लग्न मला कधी पटलं नाही. पण आईला उचलून अंगणात उन्हाला बसवायचा तो, अंगावरचे कपडे बदलायचा तो. मुलगा करणार नाही इतकं त्याने केलं. आई गेली तेव्हा तिला जबलपूरला आणलं. कबरीवर सगळे मूठमाती देत होते. त्याने माती उचलली आणि मी त्याचं मनगट धरलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "हे आमच्या लोकांचं आहे."

त्याने मूठ उघडली, माती त्याच्याच पायांवर पडली. इंदूने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लेकीला, छोट्या समृद्धीला, कडेवर घेऊन निघून गेली.

मी सगळ्यांना सांगत आले की इंदूने संबंध तोडले. मी तोडले.

८ एप्रिल, मंगळवार

विक्कीला सगळं सांगितलं. त्याच्या दुकानासमोर, टायरांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसून. वाटलं होतं, तोंड वाकडं करेल. त्याने फक्त हात पुसले आणि विचारलं, "मग मावशी, हे नाव तुमच्या यादीत असंल न?"

"माझी यादी नाही."

"कागद देऊ?"

त्या कार्ट्याला मारायला चप्पल काढणार होते. त्याऐवजी रडले. त्याने गिऱ्हाइकाला सांगितलं, "पाच मिनिट, मौसी से बात चल रही है," आणि तिथेच, एअरच्या मशीनचा आवाज चालू असताना, माझ्यासाठी प्रार्थना केली. अर्धी मराठी, अर्धी हिंदी, व्याकरण विचारू नका. मी जन्मापासून ख्रिस्ती. मला वाटायचं, विश्वास आपल्याकडे आहेच, आडनावासारखा. तो माणसाला हलवतो, घराबाहेर काढतो, हे मला या पंक्चरवाल्याने दाखवलं.

पण शहपुऱ्याला जायचं धाडस नाही. विष्णुपंतांची कडी अजून कानात आहे. इंदू माझीच बहीण आहे. तिची कडी जास्त जोरात वाजेल.

१० एप्रिल, गुरुवार

विक्कीला अचानक पेटी शिकायची हौस आली आहे. म्हणाला, एकच गाणं शिकवा, सोपं. नखं काळी, बोटं जाड, दोन सूर एकदम दाबले जातात. पण चिकाटी आहे. दृढीकरणाच्या धामधुमीत हे काय काढलं याने, देव जाणे. मात्र संगीताची आवड वाईट नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आज तीन तास बसला. गाणं आता ओळखू येतं. कानाला त्रास होतो, पण ओळखू येतं. शेजारच्यांनी विचारलं, कोणाला बरं नाही का?

१४ एप्रिल, सोमवार. शहपुरा

वही जबलपूरला राहिली. हे समृद्धीच्या वहीतल्या कागदांवर लिहिते आहे. तिने मधली चार पानं फाडून दिली.

काल झावळ्यांचा रविवार. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी खजुराच्या फांद्या हलवल्या, त्याची आठवण. हॉलभर झावळ्या, पोरं एकमेकांना त्यांनीच मारत होती. दुसरा रविवार म्हणून प्रभुभोजनही. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, मी गीत सुरू केलं, पहिली रांग पुढे गेली.

आणि विक्की मागच्या बाकावरून उठून सरळ माझ्याकडे आला. वाकून म्हणाला, "मावशी, सरका. मी वाजवतो. तुम्ही जा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पोराला पेटी कशासाठी शिकायची होती. इतकी वर्षं मला वाटायचं, मी हुशार.

मी उठले. तो बसला आणि त्याने पहिलाच सूर चुकीचा लावला. सगळ्यांनी वळून पाहिलं. आता पेटी नव्हती, काही काम नव्हतं, हात रिकामे. पुढे भाकर होती. सहा-सात पावलांवर. पाळकसाहेब माझ्याकडे बघत थांबले होते. मला ती भाकर इतकी हवी होती की जीभ कोरडी पडली. आणि तशी घेता येणार नाही, हेही त्याच वेळी कळलं.

मी उलट वळले. मधल्या वाटेने सगळ्यांच्या देखत दारापर्यंत गेले, चपला घातल्या, रिक्षा केली आणि जुन्या स्टँडवर उतरले. शहपुऱ्याची गाडी लागलेलीच होती. पर्स होती, चष्मा पेटीवर राहिला.

वाटेत चार वाक्यं पाठ केली. गहू कापून शेतं मोकळी झाली होती, सगळीकडे नुसतं ऊन. मी येशूला म्हटलं, दार उघडू दे. मग म्हटलं, नाही उघडलं तरी मला तिथवर ने. हे म्हटल्यावर भीती निम्मी झाली आणि मला चक्क आनंद वाटायला लागला. अजून काही झालं नव्हतं, तरी वाटला. शेजारच्या बाईने विचारलं, "शादी में जा रही हो क्या, दीदी?"

घर विचारत विचारत गेले. रामकृष्ण ओसरीत बसून फवारणीचा पंप दुरुस्त करत होते. केस पांढरे झालेत. मला पाहून उठले, हात पुसले आणि म्हणाले, "सलाम, ताई."

सलाम हा आमच्या मराठी ख्रिस्ती लोकांचा शब्द. आईने शिकवला असणार.

पाठ केलेली चारही वाक्यं गेली कुठल्या कुठे. मी एवढंच म्हटलं, "रामकृष्णराव, मी तुमचा हात धरला होता. आईच्या कबरीवर. मला माफ करा."

त्यांनी पंप उचलून भिंतीला टेकवला. मग म्हणाले, "ताई, मी दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलो होतो जबलपूरला. चौकीदारानं गेट उघडून दिलं. देऊन आलो माती. तुमच्या येशूला म्हटलं, हे लोक म्हणतात मी तुझ्यातला नाही. नसंल. पण माय तर माझी पण होती न."

"मग काय म्हणाला येशू?" हे मी काय विचारलं, माझं मलाच कळलं नाही.

"त्यानं काही माझा हात नाही धरला जी," रामकृष्ण म्हणाले, आणि हसले.

मी ओसरीवरच बसले आणि पोटभर रडले. आई गेली तेव्हाही अशी रडले नव्हते. समृद्धीने पाणी आणून दिलं. सतरा वर्षांची झाली आहे, उंच, आमच्या आईचंच नाक. मला ओळखत नव्हती. "मैं आपको मौसी बोलूं कि मावशी?" तिने विचारलं. मी म्हटलं, काहीही म्हण बाई, पण म्हण.

इंदू स्वयंपाकघरात होती. सगळं ऐकत होती, बाहेर आली नाही. आतून भांड्यांचा आवाज मात्र येत होता, आणि तिची भांडी मी पहिल्यापासून ओळखते. मी आत गेले नाही. मागणं माझं होतं, ते झालं होतं. पुढचं तिचं.

तेवढ्यात विक्कीचा फोन आला. "मावशी, पोहोचल्या का? दार उघडलं?"

"अर्धं उघडलं," मी म्हटलं. "तिकडे काय झालं? घाबरले का लोक?"

"घाबरतील काहून? तुम्ही बाहेर गेल्या अन् सगळी मंडळी बोलली, हालेलुया, गेली एकदाची! कोणी तरी टाळ्या पण वाजवल्या. पाळकसाहेब बोलले, ग्यारह साल से इंतज़ार था. मावशी, सगळ्यांना माहीत होतं. अन् माझं गाणं संपलं तरी रांग नाही संपली, म्हणून मी तेच चार वेळा वाजवलं."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. अकरा वर्षं एकानेही मला टोकलं नाही, सगळे माझी वाट बघत राहिले. पाळकसाहेब म्हणे माझ्यासाठी दर प्रभुभोजनाला मागत असत. आणि मी समजत होते, पेटीमागे मी कोणाला दिसत नाही.

मग इंदू बाहेर आली. हातात ताट. वरण, भात, कैरीची चटणी. माझ्यासमोर असं आदळलं की वरण सांडलं. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"अकरा वर्षं लागली तुला?" ती म्हणाली. "शहपुऱ्याची बस दर अर्ध्या तासाला असते."

रामकृष्ण आधी हसले, मग समृद्धी. मी भात कालवायला लागले, पण घास काही वर जाईना. इंदूकडे वर बघण्याचीही छाती होईना. म्हणून खाली मान घालूनच विचारलं, "मग काय करू? पुढच्या बसने परत जाऊ?"

"जाऊन तर दाखव," इंदू म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.